नमुना क्रमांक एक, धामणसडा

वृषाली तोरसकरांनी यंत्राचा दाखला तीनदा वाचला, मग तो उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर भुंगेऱ्याचं चित्र काढायला घेतलं. कागद छान जाड होता.

"एवढा एक तरी त्यांनी बरा केल्यानी, तात्यानू," त्या म्हणाल्या.

देवळाच्या सभामंडपात समोर बसलेले आत्माराम गुरव, म्हणजे अख्ख्या गावाचे तात्या, सुपारी कातरत होते. "काय लिवलाहा तेच्यात?"

"राईत नवीन असा काय नाय, म्हणतत."

"बघूक कोण इल्लो?"

"कोण नाय. यंत्र उडान इला, चिमटीभर पाचोळो घेतल्यान, हयच वाचल्यान नि गेला."

तात्यांनी सुपारी तोंडात टाकली. ज्याला पायच नाहीत त्याला राईत काय दिसणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

दाखल्यात म्हटलं होतं: धामणसडा, सातेरीची राई. पाचोळ्यात आढळलेल्या जाती एकशे चौदा. नवीन जाती शून्य. फक्त इथेच आढळणाऱ्या जाती शून्य. वर्गवारी, सामान्य क्षेत्र. खाली पुण्याच्या जीवनोंद केंद्रातल्या नोंद अधिकाऱ्याची सही होती, अन्विता तोरसकर. ही वृषालीबाईंची एकुलती एक मुलगी.

२०४६ साली 'सामान्य क्षेत्र' या दोन शब्दांत एखादा डोंगर सहज गडप होत असे. सात वर्षांपूर्वी जीवनोंद कायदा आला तेव्हा मात्र सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, वृषालीबाईंनीही. कायदा साधा होता. जिथे दुसरीकडे कुठेही नसलेली एक जरी जात सापडेल, त्या जागेला कुणी हात लावायचा नाही. आणि तशी जात आहे की नाही, हे 'जीवदर्शक' ठरवील. जीवदर्शक म्हणजे चार पुडांच्या डब्याएवढं, हातात न्यावं किंवा ड्रोनला बांधून धाडावं असं यंत्र. त्यात चमचाभर पाचोळा टाकला की त्यातल्या प्रत्येक जीवाच्या डीएनएचा एक ठरावीक, छोटासा तुकडा ते वाचतं, साठवलेल्या दोन कोटी तुकड्यांशी ताडून पाहतं आणि चाळीस मिनिटांत यादी हातात ठेवतं. पूर्वी एका डोंगराची यादी करण्यात माणसाचा जन्म जाई. आता चहा होईपर्यंत काम उरकतं म्हटल्यावर जन्म घालवायला कोण बसतो? किडे ओळखणारी माणसं बघता बघता संपली. वृषालीबाई ज्या कुळातले भुंगेरे ओळखत, ते ओळखणारे देशात तिघे उरले होते. त्यातल्या एकांना आता दिसत नव्हतं आणि दुसरे मुलाकडे कॅनडात बर्फ बघत बसले होते.

आणि धामणसड्यावर तलाव होणार होता. दिवसा उन्हाच्या विजेवर खालचं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी ते सोडून पुन्हा वीज करायची, अशी योजना. धूर नाही, राख नाही, वीज चोवीस तास. तिला नाव ठेवायलाही जागा नव्हती. फक्त घाटमाथ्यावरच्या त्या सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या कुशीत असलेली सातेरी देवीची राई पस्तीस मीटर पाण्याखाली जाणार होती. जनसुनावणी वीस जानेवारीला होती, आणि हा दाखला असताना सुनावणीत बोलण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं.

वृषालीबाईंकडे होतं. त्यांच्यासमोर काचेच्या बशीत ते पडलं होतं, साडेतीन मिलिमीटर लांबीचं.

०

त्या इथे पहिल्यांदा आल्या त्याला आता सात महिने झाले होते. सावंतवाडीच्या कॉलेजात तीस वर्षं गांडूळ आणि झुरळ शिकवून निवृत्त झालेल्या बाई, गुडघे बरे आहेत तोवर डोंगर बघून घेऊ म्हणून सकाळच्या गाडीने आल्या आणि परत निघताना तात्यांनी त्यांना वाटेत अडवलं.

"बाय, पिशयेत काय असा?"

"पाचोळो. भुंगेरे शोधूचे असत."

"तो हयच ठेय. देवीचा पान भायर जायत नाय."

राईचा नेम तसाच होता. वाळलेली काटकी नाही, पडलेलं फळ नाही, पायाला चिकटलेलं पानसुद्धा सीमेच्या दगडापाशी झटकून आत टाकायचं. बाईंनी पिशवी उपडी केली. पण हार मानणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. पुढच्या मंगळवारी त्या सूक्ष्मदर्शकच पाठीवर मारून आल्या. तात्यांनी सभामंडपाचा कोपरा झाडून दिला. पत्र्याचं नरसाळं, त्यात पाचोळा, वर दिवा. दिव्याची ऊब टाळायला किडे खाली खाली सरकतात आणि बुडाशी ठेवलेल्या बाटलीतल्या स्पिरिटमध्ये पडतात. मग पाचोळा जिथला तिथे नेऊन पसरायचा. किडे मेलेले चालतील का, हे बाईंनी भीतभीतच विचारलं होतं.

"मरणाचा काय?" तात्या म्हणाले. "हय सगळाच मरता नि हयच कुजता. भायर मात्र जावचा नाय."

त्या बाटलीत नोव्हेंबरमध्ये तो सापडला. आखूड पंखांचा भुंगेरा. या कुळातल्या भुंगेऱ्यांची वरची कवचं तोकडी असतात, अर्ध्या बाह्यांच्या बंडीसारखी, आणि पोट मागे उघडं राहतं. ह्याला तर खालचे उडायचे पंखही नव्हते. डोळे नावापुरते. असा जीव एका राईतून दुसऱ्या राईत जाऊ शकत नाही. मधलं दोन कोसांचं उघडं कातळ म्हणजे त्याच्या लेखी समुद्र.

पण खरं नवल दिसलं ते नराचं पोट उघडल्यावर. या भुंगेऱ्यांच्या जाती बाहेरून एकमेकींसारख्या दिसतात. फरक असतो तो नराच्या जननांगात. दर जातीचा नर आणि मादी कुलूप-किल्लीसारखे एकमेकांपुरते घडलेले असतात. म्हणून बारीक सुईने तो अर्ध्या मिलिमीटरचा अवयव बाहेर काढून त्याचा आकार पाहणं, हीच ओळखीची जुनी रीत. बाईंनी आयुष्यात असे दोन हजारांवर तरी पाहिले असतील. हा तसा नव्हता. टोकाला गळासारखे दोन आकडे, डावा उजव्याच्या दुप्पट, आणि मुळाशी एक वळी. सतरा नर पाहिले, सतराही तसेच. बाई उठून देवळाला तीन प्रदक्षिणा घालून आल्या. देवावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, पण पायांना कुठेतरी न्यायला हवं होतं.

०

अन्विता डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आली. आईने फोनवर खनपटीलाच बसून तिला बोलावलं होतं. पायातले बूट दगडापाशी काढून, हातात जीवदर्शक घेऊन ती राईत शिरली तेव्हा तिचं तोंड आंबलेलंच होतं.

"आई, चाचणी इथेच करते. मग मात्र हा विषय बंद. कबूल?"

"आधी कर तर."

तिने एका भुंगेऱ्याचा पाय तोडून यंत्राच्या वाटीत टाकला. चाळीस मिनिटं वाट बघायची होती. तात्यांनी गूळ आणि पाणी आणून ठेवलं ते तसंच राहिलं. मग पडद्यावर अक्षरं उमटली: नव्याण्णव पूर्णांक सात टक्के जुळणी. गुजरातपासून केरळपर्यंत कुठल्याही बागेत सापडणारी एक सामान्य जात.

"झालं समाधान?"

"ह्याला पंख नाहीत, अनू. त्या जातीला आहेत."

"एकाच जातीत तसंही असू शकतं."

"आणि हे?" बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकाकडे ओढलं. अन्विताने डोळा लावला, भिंग नीट जुळवलंही नाही, आणि मागे झाली.

"मला त्यातलं काही कळत नाही, हे तुला माहीत आहे. एम.एस्सी.नंतर मी यात डोळा घातलेला नाही."

"तरी सही करतेस."

अन्विता तांबडीलाल झाली. "मी आकड्यांवर सही करते, आई. तू चित्रं काढून सांगतेस हे वेगळं, ते वेगळं. उद्या दुसरा कुणी आणखी वेगळं चित्र काढील. यंत्र आलं ते ह्यासाठीच. दोनशे तेरा दाखले आहेत माझ्या सहीचे. एक खोटा ठरला तर बाकीच्या दोनशे बारांचं काय होईल, कळतंय तुला?"

"कळतंय. म्हणूनच म्हणते, नीट बघ."

"तू हट्टाला पेटली आहेस."

"आहेच."

अन्विताने यंत्र आवरलं. ती निघाली तेवढ्यात तात्या आडवे आले. वाटीत भुंगेऱ्याचा पाय विरघळला होता ना? मग ते पाणी बाहेर कसं जाईल? "तां हयच वत, बाय," ते म्हणाले, आणि केंद्राच्या नोंद अधिकाऱ्याला रागाने फणफणत का होईना, सरकारी यंत्राची वाटी तीनदा धुऊन किंजळीच्या बुंध्याशी ओतावी लागली.

०

यंत्र खोटं बोलत नव्हतं, आणि बाईंचे डोळेही नव्हते. मग काय? आठ दिवस बाईंना जेवण गोड लागलं नाही. नवव्या दिवशी भाजी निवडता निवडता त्यांच्या हातातली जुडी खाली पडली आणि त्यांनी तशाच मातीच्या हातांनी फोन उचलला.

"अनू, तुझं यंत्र जो तुकडा वाचतं, तो कुठला असतो?"

"मायटोकाँड्रियातला. तूच तर शिकवलंस."

"आणि तो कुणाकडून येतो?"

"आईकडून. फक्त आईकडून."

"मग ऐक." बाई पाटावर बसल्या. "समज, हजारो वर्षांपूर्वी बाहेरची एक मादी ह्या राईत आली. वाऱ्याने, पाखराच्या पायाला चिकटून, कशीही. इथल्या नराशी तिचं जुळलं. कुलूप-किल्ली जुळत नाही, पण लाखात एकदा जुळतं. तिच्या अंगात वोल्बाकिया होता."

वोल्बाकिया हा किड्यांच्या पेशीत राहणारा जीवाणू. तो आईकडून अंड्यात उतरतो, आणि फार लबाड असतो. त्याची लागण झालेला नर बिनलागणीच्या मादीला भेटला, तर तिची अंडी मरतात. लागण झालेल्या मादीला मात्र काही धोका नाही, तिचा वंश वाढत जातो. पिढ्यामागून पिढ्या, बिनलागणीच्या आयांचा वंश खुंटतो आणि शेवटी राईतला प्रत्येक भुंगेरा त्या एका परकीय मादीचा ठसा घेऊन जन्मतो. बाप मात्र दर पिढीला राईतलेच, म्हणून बाकीचा देह, म्हणजे ती आकड्यांची किल्ली, ते गेलेले पंख आणि मिटलेले डोळे, सगळं राईचंच राहतं.

"म्हणजे आईचं नाव एका घरचं आणि पोर दुसऱ्याच घरची," बाई म्हणाल्या. "तुझं यंत्र फक्त आईचं नाव वाचतं."

"हा तर्क आहे, आई."

"मग तपास. तुझ्या यंत्रात जीवाणूंचे तुकडे कुठे जातात?"

"कचरा म्हणून बाजूला पडतात."

"तो कचरा उपस."

फोन ठेवला गेला. त्यानंतर महिनाभर अन्विताचा फोन आला नाही आणि आईने केलेला तिने उचलला नाही. बाईंनी आयुष्यात नवऱ्याचा मृत्यू सोसला होता, पण लेकीच्या ह्या गप्प बसण्याने त्या आतून पार खचल्या. दिवसातून दहादा फोन हातात घ्यायच्या, ठेवायच्या. पण भुंगेऱ्यावरचा शोधनिबंध लिहायचं थांबवलं नाही. एकदाही नाही.

०

कोल्हापूरचं एक जुनं निसर्ग-मंडळ अजून कागदावर पत्रिका छापत असे. मोठी नियतकालिकं यंत्राच्या नोंदीशिवाय निबंध उघडूनही बघत नसत. ह्या मंडळींनी तो वाचला, शंका काढल्या, उत्तरं घेतली आणि छापायचं ठरवलं. फक्त एक गोष्ट राहिली होती, संपादकांनी कळवलं. नव्या जातीचं नाव कायम व्हायला तिचा एक मूळ नमुना लागतो. जगभरच्या नियमांप्रमाणे तो कुठल्या संग्रहात ठेवला आहे, त्या संग्रहाचं नाव आणि ठिकाण निबंधात हवं. पुण्याचं संग्रहालय ठेवून घ्यायला तयार आहे. नमुना लवकर पाठवावा.

बाई तात्यांकडे गेल्या. तात्या म्हणाले, माझ्या हातात काय आहे, देवीला विचारू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाषाणाला पाणी घातलं आणि ओल्या पाकळ्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवीची आधी पडली तर होकार, डावीची पडली तर नकार. बाई सूक्ष्मदर्शकात बघताना बसत तशा ताठ बसून बघत होत्या. पाऊण तासाने डावीची पाकळी पडली.

"नाय म्हणता," तात्या हळूच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं होतं.

त्या दुपारी बाईंनी नमुन्याची कुपी ब्लाउजच्या आत सरकवली आणि त्या राईबाहेर चालू लागल्या. साडेतीन मिलिमीटर. कुणाला काय कळणार होतं? एक भुंगेरा बाहेर गेला तर सगळी राई वाचते, हे देवीलाही पटलं असतं. पाकळीला काय, वाऱ्याने पडते. सीमेच्या दगडापाशी त्या पोचल्या, पायाला चिकटलेलं पान झटकायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

पान झटकायचं आणि भुंगेरा न्यायचा?

त्या दगडावर बसल्या. तलाववाले तरी दुसरं काय म्हणत होते? कारण चांगलं आहे, फक्त एकदाच, कुणाचं काही बिघडत नाही. प्रत्येकाचं कारण चांगलंच असतं. ही राई हजार वर्षं उभी होती ती कुणाचंच चांगलं कारण न ऐकल्यामुळे. जहाजं बांधायला लाकूड हवं होतं तेव्हा ऐकलं नाही, शाळेच्या छपराला हवं होतं तेव्हाही नाही. आज आपल्यासाठी तिने ऐकावं, असं आपण कोण लागून गेलो? बाईंना स्वतःचाच संताप आला, आणि त्या संतापाच्या मागोमाग एक खणखणीत, मोकळा राग आला, पुण्याचा, यंत्राचा, इथे एकदाही न येता इथलं सगळं ठरवणाऱ्या सगळ्यांचा. त्या उठून मागे फिरल्या.

तात्या मंडपात होते. त्यांनी बाईंना जाताना पाहिलं होतं आणि येतानाही पाहिलं. बाईंनी कुपी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"तात्यानू, संपादकाचा पत्र मी परत वाचलंय. संग्रहाचा नाव आणि ठिकाण होया, इतक्याच लिवला हा. तो संग्रह पुण्यातच होयो, असा खंयच लिवलेला नाय."

तात्या कुपीकडे बघत राहिले. मग त्यांच्या सुरकुत्यांत हसू पसरायला लागलं. "म्हणजे हयच?"

"हयच."

०

देवीचे जुने चांदीचे टाक ज्यात असत ती फणसाच्या लाकडाची पेटी तात्यांनी रिकामी करून दिली. तिला आतून कापूर आणि बाहेरून कुलूप. बाईंनी जाड वही घेतली, समासाच्या रेघा मारल्या आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: सातेरी राई संग्रह, धामणसडा. नमुना क्रमांक एक, नर. जातीचं नाव काय ठेवायचं हे विचारलं तर तात्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "जेच्या घरात रवता तेचाच नाव." म्हणून जात झाली 'सातेरिए'.

मानकऱ्यांना बोलावलं, गाव जमला. चाळीसेक माणसं, बाया, दोन पंचायत सदस्य. पेटी देवीसमोर ठेवून तात्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "आई सातेरी, ह्या राईची तू धनीण. तुझ्या पाचोळ्यातलो ह्यो जीव आजवर कोणाच्या डोळ्याक दिसलो नाय. आज ह्या बायेन तेका नाव दिल्यान."

"व्हय म्हाराजा!"

"कोण म्हणता ह्यो जीव नायच. जेका तसा वाटता, तेका हय येवन बघूची बुद्धी दे."

"व्हय म्हाराजा!"

बाईंना हसू आलं. तीस वर्षं त्यांनी परिषदांमध्ये निबंध वाचले होते. इतका एकमुखी होकार एकाही सभागृहात मिळाला नव्हता.

निबंध छापून आला आणि केंद्रात खळबळ उडाली. देवळातली पेटी हा काय संग्रह झाला? पण नियमाचं पुस्तक कितीही उलटंपालटं केलं तरी त्यात देवळाला मनाई सापडेना. नाव कायम झालं होतं. आता कायद्याप्रमाणे एकच वाट उरली. ज्या अधिकाऱ्याने दाखल्यावर सही केली, त्याने स्वतः जाऊन प्रत्यक्ष पाहणी करायची.

०

सुनावणीला चार दिवस असताना अन्विता आली. ह्या वेळी तिच्या हातात यंत्र नव्हतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मी कचरा उपसला," ती आईकडे न बघता म्हणाली. "तुझ्या भुंगेऱ्यात वोल्बाकिया आहे. भरपूर. मग मी बाकीचेही काढले. दोनशे तेरांपैकी एकसष्ट दाखल्यांत तो आहे. तिथली सगळी शून्यं चूक असतीलच असं नाही. पण बरोबर आहेत असंही मला म्हणता येत नाही."

"कधी कळलं?"

"तुझ्या फोननंतर तिसऱ्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस, गं?"

"घाबरले," अन्विता म्हणाली. "त्यातल्या बावीस जागी काम झालंय, आई. आता तिथे बघायलाही काही उरलेलं नाही."

बाईंना लेकीच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तो आत्ता ठेवला तर ती कोसळेल, हे त्यांना कळत होतं. त्यांनी पेटी उघडून कुपी काढली, भुंगेरा बशीत ठेवला आणि स्वतः बाजूला होऊन बसल्या.

अन्विताने भिंग जुळवलं. बराच वेळ जुळवत होती. मग तिने पेन्सिल मागितली. बघून समजत नाही, काढताना समजतं, हे बाईंनी तिला सातवीत सांगितलं होतं आणि तेव्हा तिने नाक मुरडलं होतं. पहिलं चित्र तिने खोडलं, दुसरंही खोडलं. तिसऱ्यात डावा आकडा उजव्याच्या दुप्पट आला. शेजारी तिने आईने पूर्वीच बागेतून आणून ठेवलेल्या सामान्य जातीच्या नराचं चित्र काढलं. दोन्ही कागद जवळ जवळ धरले. दुपारचं ऊन मंडपाच्या पायरीवरून खाली उतरलं होतं तेव्हा ती म्हणाली, "हे दोन आंधळ्यालाही वेगळे कळतील."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पुण्याहून संचालक होते. देवळात शांतता इतकी, की त्यांचा शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू येत होता. पाहणी झाली का? ठीक. आता तो नमुना ताब्यात घे आणि पुण्याला आण. इथे प्रयोगशाळेत आपण सगळं सावकाश वाचून काढू, सहा महिने लागले तरी हरकत नाही. तोवर दाखला आहे तसा राहील. सुनावणी होऊन जाईल.

तात्यांची सुपारी कातरायची थांबली. वृषालीबाई उभ्या राहिल्या. पेटी आणि लेक यांच्या मध्ये उभं राहावं लागलं तर राहायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"नमुना इथेच राहील, सर," अन्विता म्हणाली.

पलीकडून काहीतरी चढ्या आवाजात आलं.

"नाही, एक पायसुद्धा नाही. आणि दाखला मी मागे घेतेय. हो, सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे. कलम एकोणीस. आजवर कुणी वापरलं नाही, एवढंच. कारणाच्या रकान्यात 'शंका' लिहायचं असतं, पण मी 'खात्री' लिहिलंय." तिने समोरचे चित्रांचे दोन्ही कागद एकावर एक ठेवले. "बाकीच्या साठांचीही पत्रं उद्या तुमच्या टेबलावर येतील. नोकरीचं मला कळतंय, सर. ते तुम्ही बघा."

आता पलीकडचा आवाज मऊ झाला होता. नमुना न बघता केंद्राने काय मानायचं, असं ते विचारत होते.

"बघा ना. धामणसड्याला या. खालच्या गावापर्यंत गाडी येते, पुढे तासभर चालायचं. देऊळ सहाला बंद होतं."

तिने फोन ठेवला. वृषालीबाईंनी ह्या भांडणासाठी महिनाभर जी जी उत्तरं तयार केली होती, त्यातलं एकही लागलं नाही. त्या लेकीच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लागेल अशा बसल्या, सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला आणि बशीत दुसरा भुंगेरा ठेवला.

"पेन्सिलीला टोक कर," त्या म्हणाल्या. "मादीचं वर्णन अजून राहिलंय."